मधला माणूस

१७४५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात एका संताचा सण फार थाटामाटात झाला. सण करणारे लोक होते ‘पार्दो’, म्हणजे गोऱ्या-काळ्या रक्ताच्या सरमिसळीतून आलेले, ना धड मालकांत ना धड गुलामांत जमा असलेले लोक. त्यांना आपल्या रंगाचा एक संत सापडला होता आणि त्याची मिरवणूक काढायची होती. गोऱ्या वस्तीत कुजबुज सुरू झाली, की सावळा माणूस आणि संत? तेव्हा फ्रेई जाबोआतांव नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं प्रवचनाला उभं राहून संताची वंशावळच मांडली. बाप पोर्तुगीज, आई हिंदुस्थानातली, सावळी. म्हणजे संत पार्दोच. आणि पार्दो असण्यात कमीपणा कसला? ते प्रवचन पुढे लिस्बनला छापलं गेलं.

ती आई वसईची होती.

हे वाचलं तेव्हा मी चहाचा कप तसाच ठेवून दिला. मी वसईकर. आमच्या घरात कुणी ख्रिस्ती नाही, पण शेजार सगळा कॅथलिक. नाताळात त्यांच्याकडून ताट यायचं आणि दिवाळीत आमच्याकडून जायचं. तरी या संताचं, गोन्सालो गार्सियाचं, नाव मला कळलं ते रिक्षावाल्यांकडून. ‘जी.जी. कॉलेज, जी.जी. कॉलेज’ असं ओरडत रिक्षा भरायच्या. त्यातला जी.जी. कोण, हे विचारायची गरज कुणाला पडत नसे. पुढे कळलं की हा वसईत जन्मलेला, जपानमध्ये क्रुसावर गेलेला संत आहे. आणि त्याच वेळी त्याच्याबद्दलचं वसईतलं ठरलेलं वाक्यही कळलं: ‘हां, पण तो अर्धा पोर्तुगीज ना?’

रेसिफेत आईमुळे अडलेला माणूस आमच्याकडे बापामुळे अडतो.

जन्म १५५६च्या सुमाराचा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना लिहून दिली होती. हुमायून उरावर आलेला, त्यामुळे समुद्रावरच्या या गोऱ्यांशी तरी भांडण नको, असा हिशेब होता. गोन्सालो जन्मला तेव्हा या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली होती. गावात पोर्तुगीज शिपाई इथल्याच बायकांशी लग्नं करून स्थिरावले होते, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या कॅथलिक साधूंच्या दोन्ही संघांनी बस्तान बसवलं होतं, आणि जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर येऊन गेल्याच्या आठवणी ताज्या होत्या.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. त्याच वसईत त्याच काळात देवळं पडत होती. सत्ता आणि धर्म हातात हात घालून फिरत होते. आमच्या घरात वसईचा इतिहास म्हणजे १७३९, चिमाजी अप्पा आणि वसईच्या चर्चमधून निघून भीमाशंकरला टांगलेली घंटा. नाशिकच्या नारोशंकराची घंटाही वसईचीच म्हणतात. आजोबा या घंटांबद्दल अशा थाटात बोलायचे, की जणू एक त्यांनी स्वतः खांद्यावरून वाहून नेली असावी. त्या अभिमानाची मला लाज नाही. पण हुकूम काढणारे एक आणि त्या गावात मिश्र रक्ताचं पोर म्हणून जन्मणारा दुसरा, एवढा फरक करता यायला हवा. गोन्सालोनं कुठलं देऊळ पाडलं नाही. तो जेझुइटांच्या शाळेत शिकला, त्यांच्यात वाढला, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जहाजात बसून निघून गेला.

साल १५७२. गोवा, मलाक्का, मकाव, मग जपान, असा वाऱ्यांच्या तालावर थांबत-थांबत जायचा मार्ग. नागासाकीचं बंदर पोर्तुगीज व्यापारासाठी उघडून जेमतेम वर्ष झालं होतं. झेवियर १५४९मध्ये कागोशिमाला उतरला, त्यानंतरच्या दोन दशकांत क्यूशू बेटावर ख्रिस्ती धर्म बराच पसरला होता. काही सरदार श्रद्धेनं आले होते, काही बंदुका आणि रेशमाच्या व्यापारावर नजर ठेवून. युरोपातून आलेले पाद्री जपानी भाषेपुढे हात टेकत. हे वसईचं पोर ती भाषा कोवळ्या वयात उचलून बसलं. धर्मशिक्षण देणं, प्रवचनाचं जपानीत करून सांगणं, गावोगाव पाद्र्यांच्या मागे हिंडणं, हे काम त्यानं काही वर्षं केलं. लोकांत तो आवडता होता, असं सगळेच जुने वृत्तांत सांगतात.

आणि त्याला हवं होतं एकच. येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, प्रवेश.

तो मिळाला नाही. त्यानं पुन्हा-पुन्हा मागितला, संघानं पुन्हा-पुन्हा टाळला. त्या काळात भारतात जन्मलेल्यांना, त्यातही मिश्र रक्ताच्यांना, संघात घ्यायला वरिष्ठ नाखूश असत. पूर्वेकडच्या मिशनचे प्रमुख व्हालिन्यानो यांची मतं या बाबतीत लपून नव्हती. जपान्यांबद्दल मात्र त्यांना फार आदर होता. जपानी तरुणांना संघात घ्यावं, असा त्यांचाच आग्रह. म्हणजे जपानी माणसाला जपानीतून धर्म शिकवणारा गोन्सालो बाहेर आणि ज्यांना शिकवलं ते आत. या संताच्या चरित्रात, ज्या भाल्यांनी तो शेवटी मेला त्यांच्यापेक्षा मला हेच जास्त टोचतं. भाला शत्रूचा होता.

मग त्यानं जे केलं ते मला फार माणसासारखं वाटतं. त्यानं नोकरी सोडली आणि धंदा टाकला. खरंच. भाषा येत होती, माणसं ओळखीची होती, बंदरांची नस माहीत होती. व्यापारात त्याचा चांगला जम बसला. संतचरित्रं हा भाग दोन ओळींत उरकतात, कारण पैसे कमावणारा संत कुणालाच सोयीचा नसतो. मला तर वाटतं, या वर्षांत तो सुखात असावा. स्वतःच्या नावावर माल, स्वतःच्या शब्दाला बाजारात किंमत, आणि कुणाच्या दारात ‘मला आत घ्या’ म्हणून उभं राहायला नको.

पण धंद्यानिमित्त मनिलाला जाणंयेणं सुरू झालं आणि तिथे फ्रान्सिस्कन भेटले. अनवाणी, ठिगळांचे झगे घातलेले, महारोग्यांच्या जखमा धुणारे. गोन्सालोनं दुकान गुंडाळलं आणि त्यांच्यात गेला. तिथेही तो पाद्री झाला नाही, ‘ब्रदर’ झाला. म्हणजे मिस्सा अर्पण करायची नाही, पापनिवेदन ऐकायचं नाही; पडेल ते काम करायचं. वय तिशीच्या आसपास. आयुष्याची घडी बसली होती ती मोडून मुद्दाम खालच्या पायरीवर येऊन बसणं याला काय म्हणावं, हे ज्यानं-त्यानं ठरवावं. मी याला भक्ती म्हणतो, आणि त्यात थोडी जिद्दही धरतो.

इथून गोष्ट राजकारणात शिरते.

जपानमध्ये तेव्हा तोयोतोमी हिदेयोशीचा अंमल होता. साध्या घरात जन्मलेला, शिपाईगिरीपासून चढत-चढत देशाचा धनी झालेला माणूस. १५८७मध्ये त्यानं मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता, पण पोर्तुगीज व्यापार हवा असल्यानं तो हुकूम कागदावरच राहिला. जेझुइट आवाज न करता राहात होते आणि सरकार न बघितल्यासारखं करत होतं. दोन्ही बाजूंना परवडणारी तडजोड. १५९२मध्ये हिदेयोशीनं कोरियावर स्वारी केली, आणि त्याच सुमारास फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे ‘आमचं मांडलिकत्व पत्करा’ अशा अर्थाचा निरोप धाडला. मनिलाची पाचावर धारण बसली. वेळ काढायला म्हणून १५९३मध्ये तिकडून वकील पाठवला गेला तो पेद्रो बाउतिस्ता, फ्रान्सिस्कन पाद्री. त्याला जपानी येत नव्हतं. सोबत दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो.

क्यूशूत हिझेन नागोया नावाच्या ठिकाणी, कोरियाच्या स्वारीसाठी उभारलेल्या प्रचंड किल्ल्यात, हिदेयोशीनं त्यांना भेट दिली. हा प्रसंग मी मनात अनेकदा उभा केलाय. एका बाजूला कोरिया घ्यायला निघालेला, चीनचं स्वप्न बघणारा माणूस. तो म्हणतोय, शरण या. दुसऱ्या बाजूला अनवाणी वकील. त्याला शरण जायचा अधिकार नाही आणि नकार द्यायची ताकद नाही. दोघांमध्ये वसईचा एक माणूस, अनवाणीच, आणि प्रत्येक शब्द त्याच्याच तोंडून जाणार. दोन बाजूंचं बोलणं इकडून तिकडे नेणाऱ्याची गोची, ज्यानं भोगलीय त्यालाच कळते. आजीला घेऊन बँकेत जायचो तेव्हा तिचं म्हणणं साहेबाला सांगताना मी तिच्या शिव्या गाळायचो आणि साहेबाचा तोरा तिला सांगताना तोही गाळायचो. तिथे फार तर पासबुक अडलं असतं. इथे एक शब्द चुकला तर आरमार निघालं असतं.

काम फत्ते झालं म्हणायचं. हिदेयोशी प्रसन्न झाला, पाहुण्यांना राहायची परवानगी मिळाली. शरण येण्याची मागणी लोंबकळत राहिली, पण फिलिपिन्सवर स्वारी झाली नाही. फ्रान्सिस्कनांनी क्योतोत मठ बांधला, चर्च उघडलं आणि महारोग्यांसाठी इस्पितळं सुरू केली. जपानात महारोग्यांना घराबाहेर काढत. रस्त्यावरून त्यांना उचलून आणायचं, आंघोळ घालायची, जखमा बांधायच्या, हे काम पाद्री आणि त्यांचे जपानी सोबती करू लागले. दुभाष्याचं काम इथेही संपत नव्हतं. आजाऱ्याचं कण्हणंही कुणीतरी समजून सांगावं लागतंच.

जेझुइट मात्र अस्वस्थ होते, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. जपानचं मिशन फक्त त्यांच्याकडे राहील असा पोपचा १५८५चा आदेश होता. शिवाय हिदेयोशीचा १५८७चा हुकूम रद्द झालेला नव्हता; तो झोपला होता इतकंच. आणि हे नवे लोक उघड घंटा वाजवून मिस्सा करतायत! ‘आम्ही इतकी वर्षं पाय न वाजवता चाललो, तुम्ही नाचत आलात,’ असा त्यांचा राग. त्यात पोर्तुगीज-मकाव विरुद्ध स्पॅनिश-मनिला ही चुरस. १५८०पासून दोन्ही देशांचा राजा एकच होता, पण भाऊबंदकी राजा एक झाल्यानं मिटत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पोर्तुगीज बापाचा, जेझुइटांनी वाढवलेला गोन्सालो या भांडणात स्पॅनिश फ्रान्सिस्कनांच्या बाजूला उभा होता.

१५९६ हे वर्षच वाईट. सप्टेंबरमध्ये मोठा भूकंप होऊन हिदेयोशीचा फुशिमीचा नवा किल्ला कोसळला. कोरियाच्या लढाईनं तिजोरीला भोक पाडलं होतं. आणि ऑक्टोबरमध्ये ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश गलबत, मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्कोला निघालेलं, वादळात सापडून तोसा प्रांतात उरादोच्या किनाऱ्याला लागलं. पोटात चिनी रेशमाचा किमती माल. हिदेयोशीचा अधिकारी माशिता नागामोरी आला आणि सगळा माल सरकारजमा झाला.

माल परत मिळवायच्या खटपटीत गलबतावरच्या सुकाणूधरानं म्हणे जगाचा नकाशा उघडला. स्पेनच्या राजाचं राज्य दाखवत फुशारकी मारली. एवढं राज्य मिळवलं कसं, असं विचारल्यावर म्हणाला: आधी पाद्री जातात, लोकांना बाटवतात, मग सैन्य जातं आणि त्या लोकांच्या मदतीनं देश घेतं. तो हे खरंच बोलला की त्याच्या तोंडी घातलं गेलं, यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे बरीच वर्षं एकमेकांकडे बोटं दाखवत राहिले. हिदेयोशीपर्यंत मात्र ते पोचलं.

वसईत बसून हे वाचताना गंमत वाटते, कडवट गंमत. आमच्याकडे क्रम उलटा होता: आधी आरमार, मग तह, मग पाद्री. पण माल तोच. तेव्हा हिदेयोशीला नुसता क्रूर वेडा ठरवणं मला जमत नाही, त्याची क्रूरता मान्य करूनही. त्याचा संशय हवेतला नव्हता. आशियाच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला विचारा. प्रश्न एवढाच की सूड कुणावर निघाला. फुशारकी मारणारा सुटला, माल लुटणारे गबर झाले, आणि धरले गेले ते जखमा बांधणारे.

डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाकातल्या मठांभोवती पहारे बसले, याद्या झाल्या. यादी आधी लांबलचक होती. अधिकारी इशिदा मित्सुनारीनं ती शक्य तितकी छाटली. तरी चोवीस नावं उरली. पकडायला आलेल्या शिपायांनी मठातला माथियास हवा म्हणून हाक मारली. तो बाहेर गेला होता. शेजारचा एक माणूस पुढे आला: ‘माझंही नाव माथियास. तुम्हाला हवा तो मी नव्हे, पण मीही ख्रिस्ती आहे आणि यांचा मित्र आहे.’ शिपायांना नग मोजून द्यायचे होते. त्यांनी त्याला घेतलं. हा माथियास आज संत आहे. या सगळ्या हुतात्म्यांमध्ये मला सगळ्यात जास्त आदर याच्याबद्दल वाटतो, गोन्सालोपेक्षाही. वसईकर म्हणून हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

३ जानेवारी १५९७ला क्योतोत त्यांचे कान कापले. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता; मित्सुनारीनं तो डाव्या कानाच्या पाळीवर आणला. बैलगाड्यांत बसवून शहरातून फिरवलं, पुढे ओसाका आणि साकाई. मग नागासाकीकडे, ऐन हिवाळ्यात महिनाभर, बरंचसं पायी. शिक्षेचा फलक पुढे चालत होता: हे लोक फिलिपिन्सहून वकील म्हणून आले आणि मी मना केलेला धर्म शिकवत राहिले, म्हणून यांना आणि यांच्या जपानी अनुयायांना क्रुसावर चढवावं, अशा आशयाचा. वाटेत दोघं आणखी वाढले. एक कैद्यांची सेवा करायला पाठवलेला पेद्रो सुकेजिरो, दुसरा फ्रान्सिस किची नावाचा सुतार, जो आपणहून मागे-मागे चालत राहिला. शेवटी पहारेकऱ्यांनी दोघांनाही बांधून घेतलं. झाले सव्वीस: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत तीन मुलगे. लुई इबाराकी बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा, थॉमस कोझाकी चौदा. थॉमस बापाबरोबर चालत होता. वाटेत मिहारा इथे त्यानं आईला पत्र लिहिलं. लुईला, धर्म सोड, जीव वाचेल, असं सांगून झालं. तो ऐकला नाही. मुलांबद्दल यापेक्षा जास्त लिहवत नाही. बारा वर्षांच्या पोराच्या निर्धाराचं कौतुक करताना माझा हात अडखळतो, आणि चर्चमध्ये ते कौतुक ऐकतानाही मी अस्वस्थ होतो.

५ फेब्रुवारी १५९७, बुधवार. नागासाकीची निशिझाका टेकडी. नेहमीची वधभूमी बाजूला ठेवून क्रूस शेजारच्या गव्हाच्या शेतात उभारायचे ठरले होते. पोर्तुगीज रहिवाशांनी तशी विनंती केली होती. जपानी क्रूस युरोपी चित्रातल्यासारखा नसे. वर हातांसाठी आडवी फळी, खाली पायांसाठी दुसरी, मध्ये टेकायला खुंटी. खिळे ठोकत नसत. हात, पाय आणि गळा लोखंडी कड्यांनी जखडत. मग दोन्ही बाजूंनी दोन शिपाई बरगड्यांखालून भाले तिरपे वर घालत. फार वेळ लागत नसे, एवढीच त्यातली दया.

त्या शेवटच्या तासांत एक गोष्ट घडली. तिघा जपानी जेझुइटांपैकी पॉल मिकी आधीपासून संघात होता. गोतोचा जॉन आणि जेम्स किसाई हे दोघं उमेदवार होते. त्यांना मरण्याआधी व्रतं घेऊ दिली गेली. येशूसंघाचं दार त्या दिवशी वधभूमीच्या वाटेवर उघडलं. ज्यानं या दाराशी इतकी वर्षं काढली होती तो तिथेच, त्याच रांगेत, दुसऱ्या संघाच्या झग्यात चालत होता. त्याच्या मनात काय आलं असेल हे लिहायचा मोह आवरतो.

टेकडीवर सगळ्यांच्या आधी गोन्सालो पोचला, असं वृत्तांत सांगतात. समोर क्रूस जमिनीवर आडवे ठेवलेले, प्रत्येकाच्या मापाचा वेगळा. तो तडक एकापाशी गेला आणि त्यानं विचारलं, ‘हा माझा का?’ उत्तर आलं, ‘नाही, हा नाही.’ मग त्याला दुसऱ्यापाशी नेलं. त्यानं गुडघे टेकून त्याला मिठी मारली. हे संभाषण अर्थात जपानीत झालं असणार, आणि मध्ये दुभाषी लागला नाही.

क्रूस एका ओळीत उभे राहिले. पॉल मिकीनं क्रुसावरून प्रवचन केलं: मी जपानी आहे, फिलिपिन्सचा नाही, आणि मारणाऱ्यांना मी क्षमा करतो. गोन्सालोच्या एका बाजूला फेलिपे, मेक्सिकोत जन्मलेला, पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण. दीक्षा घ्यायला घरी चालला होता आणि फुटक्या गलबताबरोबर इथे येऊन पडला. दुसऱ्या बाजूला स्पेनचा फ्रान्सिस्को ब्लांको. फेलिपेच्या क्रुसाची खुंटी चुकीच्या उंचीवर होती, गळ्याचं कडं आवळलं, म्हणून सगळ्यांत आधी भाले त्याच्यावर चालले. गोन्सालो चाळिशीचा होता.

यानंतरचं भराभर सांगतो. १६२७मध्ये रोमनं त्यांना धन्य घोषित केलं, ८ जून १८६२ला पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. मधल्या काळात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली, आणि नागासाकीच्या आसपास हजारो लोकांनी सात-सात पिढ्या पाद्र्यांवाचून, लपून प्रार्थना चालू ठेवली. वसईत १७३९ला पोर्तुगीज गेले, त्यांची दगडी चर्चं ओस पडली, पण गावागावातले कॅथलिक राहिले. शेती करत, मासे मारत, बावखलांचं, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांचं, पाणी वाड्यांना घालत.

मी नागासाकीला गेलो तेव्हा स्टेशनातून बाहेर पडलो आणि थोडं चढलो की निशिझाका. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी केलेले सव्वीस पुतळे एका लांब भिंतीत उभे आहेत, १९६२पासून. क्रूस नाहीत, भाले नाहीत. सगळ्यांचे पाय खाली लोंबतात, बोटं जमिनीकडे. उभे आहेत की वर निघालेत, कळत नाही. तीन पोरं लगेच ओळखू येतात, कारण ओळीची उंची तिथे अचानक खाली येते. मी नावं वाचत गेलो आणि गोन्सालोपाशी थांबलो. शेजारी शाळेची एक सहल होती आणि त्यांचे गुरुजी काहीतरी सांगत होते. त्यांतला एकच शब्द मला कळला: ‘इंदो’. म्हणजे भारत. नागासाकीच्या मास्तरांना तो कुठला याबद्दल काही शंका नव्हती.

शंका आमच्याकडेच. चर्चच्या जागतिक दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ असं लिहिलेलं असतं. आमचा माणूस त्या ‘सोबती’मध्ये. शेजारच्या मावशींना याचा राग आहे. लाल लुगडं, अंबाड्यात फूल, आणि मतं पक्की. वसईत त्याचा सण पौष पौर्णिमेच्या जवळच्या सोमवारी करायची जुनी रीत आहे. चंद्र बघून ठरणारा कॅथलिक सण! किल्ल्यातल्या जेझुइटांच्या जुन्या चर्चला आता त्याचंच नाव आहे. ज्यांनी आत घेतलं नाही त्यांच्या चर्चवर. मावशी मला एकदा मिस्सेला घेऊन गेल्या. खाडीवरचा वारा सुटलेला, वेदीवरच्या मेणबत्त्या पुन्हा-पुन्हा विझत होत्या आणि एक पोरगा पुन्हा-पुन्हा लावत होता. मी विचारलं, ‘मावशी, याचा बाप पोर्तुगीज होता, तर हा तुमचा कसा?’ त्या म्हणाल्या, ‘बापाचं नाव लागलं म्हणून काय झालं? वाढवलं कुणी?’ आणि मला गप्प राहायची खूण केली, कारण प्रवचन सुरू झालं होतं.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यंदाही कुणीतरी सणाचा फोटो टाकला आणि खाली ते ठरलेलं वाक्य आलंच, अर्धा पोर्तुगीज. या वेळी मी लिहिलं: क्रुसांच्या ओळीत याच्या शेजारी असलेल्या फेलिपेचे आई-बाप दोघंही स्पॅनिश होते, पूर्ण स्पॅनिश. तरी मेक्सिको त्याला आपला पहिला संत म्हणतं आणि मेक्सिको सिटीनं त्याला आपला पालक संत मानलंय. त्यांना पूर्ण परका चालतो, आपल्याला अर्धा चालत नाही? दोन अंगठे आले. एकानं हात जोडले. मग सेक्रेटरींनी लिहिलं की टँकर अजून विरार फाट्यावर अडकलाय, सकाळचं पाणी जपून वापरा.